दुसरीच्या नावावरचे दोन गोल

कोल्हापूरच्या मैदानावर रोशनी भोयेने दोन गोल मारले आणि दोन्ही वेळा भोंग्यावरून नाव घेतलं गेलं ते आभाचं. पहिल्या वेळी रोशनीला हसू आलं होतं. दुसऱ्या वेळी मात्र ती जागच्या जागी थांबली आणि भोंग्याच्या दिशेने बघत राहिली. सरिताने पळत येऊन मिठी मारली नसती तर ती भर मैदानात ओरडलीच असती.

"गप," सरिता तिच्या कानात म्हणाली. "आता गप राहा. मॅच संपू दे."

मॅच संपली. नाशिक जिल्ह्याच्या सतरा वर्षांखालच्या मुलींचा राज्यात तिसरा नंबर आला, जो आजवर कधीच आला नव्हता. मुली एकमेकींच्या अंगावर पडल्या, रडल्या, नाचल्या. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात फोटो छापून आला : दोन वेण्या, चिखलाने भरलेले गुडघे, डावा पाय हवेत. चेहरा इतका स्पष्ट की वरच्या ओठाजवळचा तीळही दिसत होता. आणि खाली आभाचं नाव.

रोशनी पेठजवळच्या एका आश्रमशाळेत पाचवीपासून होती. दिवाळी झाली, भात-नागली घरात आली, की तिचे आईबाप पाड्यावरच्या निम्म्या लोकांसोबत गिरणाऱ्याकडे द्राक्षांच्या बागांवर जायचे, ते होळीलाच परतायचे. त्यांच्या मागे आजारी आजी होती, ती रोशनी सातवीत असताना वारली. तेव्हापासून शाळेचं वसतिगृह हेच घर. तिथल्या पत्र्याच्या खोलीत बारा मुली झोपायच्या. रोशनीच्या शेजारची पेटी सरिता गावितची. दोघी पाचवीपासून एका ताटात जेवलेल्या.

फुटबॉल आणला सुनील सरांनी. सर देवळाली कॅम्पचे. त्यांचे वडील तिथे लष्कराच्या मेसमध्ये आचारी होते, आणि सर जवानांबरोबर खेळूनच मोठे झाले होते. राज्यापर्यंत खेळले, पुढे काही जमलं नाही. मग तासिकेवर नेमणूक घेऊन या डोंगरात आले. शाळेला मैदान नव्हतं. सरांनी भात कापलेली खाचरं मागून घेतली, दोन बांध फोडून सपाट केले, बांबूचे गोल उभे केले. मुली अनवाणी खेळायच्या. भाताची कापलेली धसं पायाला टोचायची, रक्त यायचं, त्यावर माती लावून पुन्हा पळायचं. रोशनी डावरी. तिच्या डाव्या पायातून चेंडू सुटला की गोलात उभी असलेली मुलगी डोळे मिटून घ्यायची.

"राज्यात पहिल्या तिनात आलात की एक कागद मिळतो," सर म्हणायचे. "तो कागद घेऊन पुण्याच्या अकादमीत जाता येतं. राहणं, जेवण, कॉलेज, बूट, सगळं त्यांचं. तिथून पुढं पोलीस, रेल्वे. आयुष्यभर दुसऱ्याच्या द्राक्षाच्या वेलीखाली वाकायचं नसेल तर पळा."

मुली पळायच्या.

जिल्ह्याच्या निवड चाचणीला दोनशे मुली आल्या होत्या. आश्रमशाळेतल्या दोघीच टिकल्या, रोशनी आणि सरिता. निवड करणारे शामसुंदर काका. जिल्हा फुटबॉल संघटनेचे सेक्रेटरी. सगळे त्यांना काकाच म्हणत. पायात पांढरेशुभ्र खेळाचे बूट, ज्यांना कधी मैदानाची माती लागलेली कुणी बघितली नव्हती. त्यांची पुतणी आभाही चाचणीला होती. शहरातल्या मोठ्या शाळेतली. ती वाईट खेळत होती असं नाही. चेंडू अडवायची, पास द्यायची, पण कुणी अंगावर धावून आलं की बाजूला व्हायची.

कोल्हापूरला पोचल्यावर, पहिल्या मॅचच्या आदल्या दिवशी, काकांनी रोशनीला खोलीत बोलावलं. सुनील सर दारात उभे होते. ते संघाचे मदतनीस प्रशिक्षक म्हणून आले होते.

"तुझी जन्मतारीख काय गं?"

"एक जून, सर."

"खरी?"

आजवर असं कुणी विचारलं नव्हतं.

"तुमच्या आश्रमशाळेत सगळ्यांचाच वाढदिवस एक जूनला असतो," काका हसले. "मास्तरांनी एकदाच लिहून टाकलेला. वरच्या लोकांना हे पटत नाही. तुझं खेळाडूचं कार्ड अडकलंय."

काकांनी आवाज मऊ केला. "पण मी मार्ग काढलाय. आभाचा पाय मुरगळलाय. तू तिच्या कार्डावर खेळ. नऊ नंबर. दोन वेण्या घाल, तिच्यासारख्या. तुझ्या नावाचं प्रमाणपत्र मी मागाहून काढून देतो. माझा शब्द."

रोशनीने दाराकडे बघितलं. सर मोबाईलमध्ये बघत होते, पण त्यांचा अंगठा हलत नव्हता.

"सर?"

"खेळ रोशनी," ते म्हणाले. "खेळलीस तर कुणी बघेल तरी. नाहीतर आल्या गाडीने परत जायचं."

ती खेळली. पाच दिवस कुणी "आभा" अशी हाक मारली की ती मागे वळायची. आभा रोज खुर्चीत बसून असायची, पायाला पांढरी पट्टी. पट्टी एक दिवस डाव्या पायाला होती, तर दुसऱ्या दिवशी उजव्या. रोशनीने ते बघितलं, आणि बघितलं नाही असं स्वतःला सांगितलं.

फेब्रुवारीत प्रमाणपत्रं आली. नाशिकला छोटा कार्यक्रम झाला. वीस मुलींना वीस प्रमाणपत्रं मिळाली, रोशनीला एक टोपी मिळाली. "तुझं येतंय," काकांनी पाठीवर थाप मारली. "छापायला गेलंय."

त्या संध्याकाळी वसतिगृहात सरिताने आपलं प्रमाणपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पेटीत ठेवण्याआधी एकदा सगळ्यांना दाखवलं. मुली बोटांनी नाव चाचपत होत्या. रोशनीनेही हातात घेतलं. मनापासून घेतलं, कारण सरिता तिची होती. सरिता गावित. नाशिक जिल्हा. तिसरा क्रमांक. आणि खाली जन्मतारीख : एक जून.

रोशनीने ते तीनदा वाचलं. खोलीतल्या सगळ्याच मुलींची तारीख ती होती, पण काकांच्या बोलण्याशी तिने ती कधी लावून बघितली नव्हती.

"सरे, तुझं कार्ड कसं नाय अडकलं?"

"कशाला अडकेल?"

"तुझीबी एक जून हाय."

सरिताने कागद तिच्या हातातून हळूच काढून घेतला. तिला कळलं होतं. कदाचित आधीपासून कळलं होतं. "मला काय माहीत," ती म्हणाली आणि पेटीचं झाकण लावलं.

त्या रात्री रोशनी जेवली नाही. कार्ड अडकलंच नव्हतं. तिचं कार्ड कुणी भरलंच नव्हतं. चाचणीच्या दिवशी, दोनशे पोरींमधून तिचे पाय निवडले तेव्हाच त्यांनी ठरवलं होतं की नाव दुसरीचं लावायचं. तिचे पाय घेतले होते, नुसते पाय, बैलजोडीतला एक बैल मागून आणावा तसे.

सकाळी ती सुनील सरांच्या खोलीवर गेली. सर दाढी करत होते.

"सर, तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी साबण पुसला नाही. अर्धा चेहरा पांढरा, तसेच बसले. "माझी नेमणूक दरवर्षी नवी होते रोशनी. काकांची सगळीकडे ओळख आहे. मी बोललो असतो तर तूही गेली नसतीस, सरिताही नाही, आणि पुढच्या वर्षी इथे फुटबॉलच राहिला नसता."

"मला इचारायला पायजे होतं. मी नाय म्हटलं असतं."

"म्हणून तर विचारलं नाही," सर म्हणाले, आणि आपण काय बोलून गेलो ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं, कारण त्यांनी मान खाली घातली.

पुण्याच्या अकादमीचे अर्ज मार्चअखेर भरायचे होते. सरिताचा अर्ज गेला, आणि आठ दिवसांत तिला बोलावणंही आलं. रोशनीच्या अर्जासोबत लावायला टोपी होती. ती नाशिकला काकांकडे गेली. एसटीने तीनदा गेली. पहिल्या दोन वेळा ते भेटले नाहीत. तिसऱ्या वेळी त्यांनी टेबलाखालून एक खोकं काढलं. त्यात नवे कोरे स्टडचे बूट होते, लाल रंगाचे, तिच्या मापाचे. असे बूट तिने फक्त दुकानाच्या काचेत बघितले होते.

"घे. तुझ्यासाठीच आणलेत."

"मला कागद पायजे, काका."

"पोरी, तुझ्यात खेळ आहे, कागदाला काय धरून बसलीस? आभाला बारावीला वाढीव मार्क लागतात, तिचं तेवढंच. तू पुढच्या वर्षी पुन्हा ये, पुन्हा मिळव. तुला काय अवघड आहे?"

काकांच्या आवाजात दुष्टपणा नव्हता, हेच रोशनीला सहन झालं नाही. त्यांना खरंच वाटत होतं की तिच्याकडे भरपूर आहे, त्यातलं थोडं घेतलं तर काय बिघडलं. विहिरीतून बादलीभर पाणी शेंदून न्यावं तसं. तिने खोकं टेबलावर परत सरकवलं. इतक्या जोराने की पेनांचा डबा खाली पडला.

तिथून ती पेठच्या गाडीत बसलीच नाही. गिरणाऱ्याची गाडी धरली. बाप, चंदर भोये, बागेच्या कडेला द्राक्षांचे क्रेट रचत होता. रोशनीने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पहिल्यापासून. चंदर ऐकता ऐकता क्रेट रचत राहिला. मग क्रेटवर बसला आणि म्हणाला, "ते तुला दुसरीच्या नावानं हाका मारत व्हते, तवा तू ओ दिली का?"

"दिली."

"पाच दिस?"

"हा."

"मंग आता त्याचाच राग येतोय तुला. त्यांचा येतोय त्यापरीस जास्ती."

रोशनी रडली. आतापर्यंत रडली नव्हती. चंदरने तिला गप्प केलं नाही. "आमच्या रस्त्याच्या कामावर," तो म्हणाला, "मस्टरला माझं नाव लावून कोन कोन खडी फोडून गेलं, अन माझं काम कोनाच्या नावानं लागलं, देवाला ठाव. मी एक डाव बी बोललो नाय. बोलायची सवयच नाय लागली. तू बोल. जे व्हईल ते व्हईल, पर बोल."

क्रीडा कार्यालयात साधना मॅडम नावाच्या अधिकारी होत्या. त्यांनी रोशनीचा तक्रारीचा अर्ज वाचला, पेपरातला फोटो बघितला, मग समोरच्या मुलीकडे बघितलं. कागद उडू नयेत म्हणून पंखा बंद केला.

"हे खरं असेल तर मला चौकशी लावावी लागेल," त्या म्हणाल्या. "पण तुला आधी सांगते, मागाहून म्हणू नकोस. दुसरीच्या नावावर खेळणाऱ्याला तोतया खेळाडू म्हणतात. तूही दोषी ठरशील. तुझ्यावर बंदी येईल. आणि संघात तोतया होता हे सिद्ध झालं तर संघाचा निकाल रद्द होतो. वीसच्या वीस प्रमाणपत्रं जातील."

"सरिताचंबी?"

"सगळ्यांचं."

"ज्यांनी केलं त्यांचं काय?"

मॅडमनी चष्मा काढला. "संघटनेला कळवता येतं. पुढचं त्यांच्या हातात. आठ दिवस देते. विचार करून सही कर."

रोशनी बाहेर आली. जाळं असं विणलेलं होतं की ती हलली की सरिताचा गळा आवळला जाणार. आणि ज्याने विणलं तो पांढरे बूट घालून जाळ्याच्या बाहेर बसलेला.

सरिताला तिने स्वतःच सांगितलं. लपवलं असतं तर मग तीही त्यांच्यासारखीच झाली असती. विहिरीवर कपडे धुताना सांगितलं. सरिताच्या हातातलं धुणं तसंच राहिलं.

"माझं बोलावणं आलंय, रोशे. जुलैच्या एक तारखेला जायचंय मला. माझ्या आईनं नवी चादर घेतली."

"माहीत हाय."

"मी काय केलं तुझं?"

"काय नाय केलं."

"मग? तुझं गेलं म्हणून माझंबी घालवणार तू? तुझ्या जागी मी असते तर गप बसले असते."

"माझ्या जागी तू असतीस," रोशनी म्हणाली, "तर मी तुझं नाव पहिल्याच दिवशी ओरडून सांगितलं असतं. भर मैदानात. तू मला गप म्हणालीस."

सरिताने ओला कपडा दगडावर आपटला. एकदा, दोनदा, कपडा फाटेपर्यंत. मग बादली तिथेच टाकून निघून गेली. संध्याकाळी तिने आपली पेटी खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेली.

आठ दिवस रोशनी रोज ठरवायची आणि रोज मोडायची. सरिताचा चेहरा समोर आला की वाटायचं, जाऊ दे. मग पंचवटीतल्या चौकात लागलेला फलक आठवायचा, एसटीतून दिसलेला : राज्यस्तरीय फुटबॉलपटू आभा हिचे हार्दिक अभिनंदन. त्यात आभाने चेंडू काखेत धरला होता, लग्नात नारळ धरतात तसा. पुढच्या वर्षी हे पुन्हा करतील. दुसऱ्या पाड्यावरची पोर धरतील, तिलाही एक जून विचारतील, तिलाही कार्ड अडकलंय म्हणतील. आठव्या दिवशी तिने सही केली.

चौकशीला सगळ्यांना बोलावलं होतं. टेबलाच्या एका बाजूला काका, आभा आणि सुनील सर. दुसऱ्या बाजूला रोशनी आणि चंदर. बापाने इस्त्रीचा सदरा घातला होता आणि तो खुर्चीच्या टोकावर बसला होता, कुणी उठ म्हणेल अशा तयारीत.

काका म्हणाले, मुलगी गुणी आहे, पण मत्सर वाईट. ती राखीव म्हणून सोबत आली होती, मैदानात उतरलीच नाही. पेपरवाले फोटो चुकीचे छापतात.

सुनील सरांना विचारलं. सर उभे राहिले. त्यांनी रोशनीकडे बघितलं नाही. "आभाच खेळली," ते म्हणाले. "माझ्या समोर."

रोशनीला वाटलं होतं की राग येईल. पण त्या क्षणी काहीच आलं नाही, नुसतं थंड. फोडलेले बांध, बांबूचे गोल, जखमेवर सरांनी स्वतःच्या हाताने लावलेली हळद, हे सगळं एका वाक्यात त्या माणसाने पुसून टाकलं होतं.

"तू एखादी किक मारून दाखवशील का?" कार्यालयातला एक साहेब म्हणाला. "मागे मैदान आहे. दोघींनी मारून दाखवा, लगेच कळेल."

तेव्हा मात्र राग आला.

"नाय," रोशनी उठून उभी राहिली. "नाय दाखवणार. पाच दिवस दाखवलं कोल्हापूरला. चाचणीला दाखवलं. माझे पाय बघायचे अन नाव दुसरीचं लिहायचं, असं किती वेळा? फोटोत माझं तोंड हाय. हा तीळ हाय. माझ्याकडं बघा. पायाकडं नका बघू, तोंडाकडं बघा!"

साधना मॅडमनी फोटो उचलला, रोशनीच्या चेहऱ्याशेजारी धरला आणि आभाकडे वळल्या. "आभा, तू सांग. दुसरा गोल कसा झाला?"

आभाने काकांकडे बघितलं. मग खाली बघितलं. "मी उतरलेच नव्हते," ती म्हणाली, आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. "माझा पायसुद्धा मुरगळला नव्हता. मी काकांना म्हटलं होतं, मला नको."

काका "आभा!" म्हणून ओरडले. शिपायाने आभाला पाणी आणून दिलं, मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. रोशनी अजून उभीच होती. तिला कुणी पाणी विचारलं नाही. आभा खरं बोलली याचं तिला बरं वाटायला हवं होतं, पण तिच्या मनात एकच आलं : हिच्या रडण्यालासुद्धा किंमत आहे.

निकाल लागायला महिना लागला. नाशिकचा तिसरा क्रमांक रद्द झाला. वीस प्रमाणपत्रं परत मागवली. रोशनीवर एक वर्षाची बंदी, आभावर एक वर्षाची बंदी. आभाला त्याने काही फरक पडला नाही, तिने चेंडूला पुन्हा पाय लावला नाही आणि वडिलांनी खासगी कॉलेजात प्रवेश घेऊन दिला. काकांनी तब्येतीचं कारण सांगून पद सोडलं आणि दोनच महिन्यांत संघटनेचे सल्लागार म्हणून त्यांचं नाव पत्रिकेवर छापून आलं. सुनील सरांची नेमणूक पुढे चालू झाली नाही. ते देवळालीला परत गेले. तिथून त्यांनी रोशनीला मोबाईलवर लिहिलं : माफ कर. रोशनीने ते वाचलं आणि उत्तर दिलं नाही.

सरिताचं बोलावणं रद्द केल्याचं अकादमीने कळवलं.

बारावीचं अख्खं वर्ष दोघी एकाच खोलीत राहिल्या आणि एकही शब्द बोलल्या नाहीत. खोलीतल्या बाकीच्या मुली सरिताच्या बाजूने होत्या. रोशनीच्या बादलीत कुणीतरी राख टाकायचं. तिने तक्रार केली नाही. पहाटे उठून ती एकटी खाचरात जायची आणि बांधावर चेंडू मारत बसायची. रागाने मारायची. बांधाला एका जागी खड्डा पडला. नाताळच्या सुट्टीत ती आईबापांकडे बागेत गेली, कात्रीने घड विरळ केले, आणि परतताना पेठच्या कचेरीत दोन दिवस बसून जन्माचा दाखला काढला. दाईने सांगितलं तेव्हा कळलं, ती नवरात्रात जन्मली होती.

बंदी संपली तेव्हा सतरा वर्षांखालचं वय संपलेलं होतं. महिलांच्या खुल्या संघाची चाचणी होती. रोशनी पहाटेच्या एसटीत चढली, तर मागच्या बाकावर सरिता बसलेली. मांडीवर बुटांची पिशवी. रोशनी पुढे जाऊन ड्रायव्हरच्या मागे बसली.

मैदानावर मांडव होता. पहिल्या रांगेत सोफ्यावर शामसुंदर काका, गळ्यात हार. नव्या सेक्रेटरींनी त्यांचा मार्गदर्शक म्हणून सत्कार केला. टाळ्या वाजल्या. रोशनीने मान वळवली तर पलीकडे सरिता उभी होती, आणि तीही टाळ्या वाजवत नव्हती.

चाचणीत दोघींना समोरासमोरच्या संघांत टाकलं. सरिता बॅक. पहिल्याच वेळी रोशनी चेंडू घेऊन डावीकडून गेली, तेव्हा सरिता चेंडूवर आलीच नाही, सरळ पायावर आली. रोशनी तोंडावर आपटली. उठली. दुसऱ्या वेळी पुन्हा तेच. नडगीवर स्टड बसले, मोजा फाटला. तिसऱ्या वेळी रोशनीने उठताच सरिताला दोन्ही हातांनी ढकललं.

"माझं वर्ष खाल्लंस तू!" सरिता ओरडली. वर्षभरातला तिचा पहिला शब्द.

"मी खाल्लं? तो बघ तिथं हार घालून बसलाय, ज्यानं खाल्लं! त्याच्या अंगावर जा की! त्याच्यावर जायची हिंमत नाय म्हणून मला तुडवतीस!"

"अन तू? तुझ्यात हिंमत होती तर पहिल्या दिवशी का नाय म्हणालीस? पाच दिवस नाचलीस की आभा बनून!"

ते खरं होतं.

रेफ्री धावत आला. "दोघींना बाहेर काढीन! काय चाललंय?"

"काय नाय," सरिता म्हणाली. ती धापा टाकत होती, डोळ्यांत पाणी आलेलं. "खेळतोय आमी."

मध्यंतरानंतर निवड समितीने मुली बदलल्या आणि दोघी एका संघात आल्या. सरिताने मागून चेंडू मारला तो गरजेपेक्षा दुप्पट जोराने, जणू रोशनीला तो मिळूच नये. रोशनी दुखऱ्या पायाने त्याच्यामागे सुटली. मिळवला. आत वळली. मारला. गोल झाला तेव्हा दोघींपैकी कुणीही हात वर केला नाही. पुन्हा तसाच चेंडू आला, आणि पुन्हा. समितीतल्या बाई वहीत लिहीत होत्या आणि वर बघत होत्या.

संध्याकाळी यादी लागली. दोघी संघात होत्या. सरिताचं अकादमीचं वय मात्र तीन महिन्यांनी उलटलं होतं, कारण तिची जन्मतारीख कागदावर अजून एक जूनच होती आणि खरी कुणालाच माहीत नव्हती. रोशनी नव्या दाखल्यामुळे वयात बसत होती. हे दोघींनाही ठाऊक होतं.

परतीच्या एसटीत गर्दी होती. सरिता चढली, इकडेतिकडे बघितलं आणि रोशनीच्या शेजारी येऊन बसली. दुसरी जागाच नव्हती. गाडी सावळघाट चढायला लागली तरी ती समोरच बघत होती. मग तिची नजर रोशनीच्या नडगीवर गेली. पाय निळा पडून टरारून फुगला होता.

"बर्फ लाव," सरिता म्हणाली.

"इथं कुठून आणू?"

"मग सुजू दे," सरिता म्हणाली, आणि तोंड खिडकीकडे केलं.